तुझ्या आधी मी बोलले

विनू,

नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. पोरांनी मला न विचारताच लावला. 'प्राणीमित्र विनायकदादा यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' त्यात 'प्राणिमित्र'ची वेलांटी चुकलीय. फोटो मागच्या वर्षीच्या सत्काराचा आहे. फोटोवाला "हसा, हसा" म्हणत होता म्हणून तू दात दाखवले होतेस, तो. तू खरा हसायचास तेव्हा तोंड मिटलेलंच असायचं, फक्त डोळे बारीक व्हायचे. हे आता या गावात माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

आज अठरा दिवस झाले. यंदा आपल्याकडे गणपती नाही. आळीतून आरत्या ऐकू येतात, मी दार लोटून बसते. भेटायला येणारे आता कमी झालेत. जे येतात ते चहा नको म्हणतात, थोडा वेळ तुझ्या खोलीच्या दाराकडे बघतात आणि जाताना म्हणतात, "बाई, तुमी भावासाठी जन्म वेचलात. लगीनसुदिक केलं नाय." मी मान हलवते.

तू असतास तर तिथल्या तिथे म्हणाला असतास, "ते खरं नाही." एकदा म्हणालाही होतास. सुलूमावशी बसली होती, तिच्यासमोर. "ताईला लग्न करायचंच नव्हतं. मी नुसतं कारण होतो." मी त्या दिवशी तुझ्याशी बोलले नाही. मला राग आला तो तू खोटं बोललास म्हणून नव्हता. दोन स्थळं चांगली होती, त्यांना तुझी अडचणही नव्हती. मीच नको म्हटलं. मला माझी शाळा, माझा पगार, माझी सकाळ हवी होती. पण त्या काळात बाईने असं म्हणायची सोय नव्हती, आणि तू हाताशी होतास. हे मी तुला कधी कबूल केलं नाही. आज करतेय.

तू पाच वर्षांचा होईतो बोलला नाहीस. मी तुझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई शेतावर, बाबा पावर हाऊसच्या पाळीवर, म्हणून तू माझ्याच कडेवर. तुला भूक लागली की मी सांगायची, त्याला भूक लागलीय. पाहुण्यांसमोर तू तोंड फिरवलंस की मी सांगायची, लाजतो तो. बोलायला लागलास तेव्हाही कुणी तुला काही विचारलं की तू उत्तर जुळवत असायचास, आणि तोवर माझं सांगून झालेलं असायचं. मला वाटायचं, ही माया.

पोरं तुला येडा विनू म्हणायची. डोंगरावरून पावर हाऊसला उतरणाऱ्या त्या जाडजूड लोखंडी पाईपांना तू गाल लावून तासन्‌तास उभा राहायचास. आत पाणी धावतं त्याची घरघर तुला आवडायची. बाबांनी दोनदा तिथून फरफटत आणलं, एकदा मारलंही. गोठ्यात मात्र तुला कुणी काही म्हणायचं नाही. गुरं तुला काही विचारत नव्हती आणि तू त्यांना. आठवीनंतर तुझी शाळा सुटली. कर्जतच्या गुरांच्या दवाखान्यात तुला लावलं ते मीच. तिथल्या डॉक्टर मॅडमना आधी वाटलं होतं, बाईंच्या शब्दासाठी ठेवून घेऊ, झाडलोट करील. महिन्याभरात त्या मला म्हणाल्या, "बाई, जनावराला कुठं दुखतंय हे मी हात लावायच्या आधी तुमच्या भावाला कळतं. विचारलं तर म्हणतो, ते सांगतंय की."

ठाकूरवाडीचं प्रकरण पुष्कळ वर्षांनी त्याच दवाखान्यात आलं. पदूबाबा आले होते, वाडीतले सगळ्यांत वयस्कर. घाटातल्या रुळांवर त्यांची तिसरी गाय कापली गेली होती. मेलेल्या गाईला दवाखाना काय करणार? पण म्हातारा पायरीवर बसून राहिला. "जागाच वाईट हाय ती. गुराला भूल पडते. गाडी येताना दिसते तरी तिच्याकडंच पळत जातं."

मॅडमनी त्यांना पाणी दिलं. तू बादली खाली ठेवून विचारलंस, "गाडीकडे पळतं? नक्की?"

"माज्या डोल्यानं बघितलंय, पोरा."

दुसऱ्या दिवसापासून तू सुट्टी टाकलीस. पळसदरीला उतरून वर चालत जायचास आणि रुळांपासून लांब, एका दगडावर वही घेऊन बसायचास. बारा दिवस. मी रागावले, नोकरी जाईल म्हटलं. तू म्हणालास, "गाई कापल्या जातायत, ताई." जणू माझं वाक्य आणि तुझं वाक्य एकाच वजनाची नव्हती, आणि हे मला दिसायला हवं होतं.

तेराव्या दिवशी, रविवारी, मला घेऊन गेलास. त्या दगडापाशी उभी केलीस आणि म्हणालास, "डोळे मीट. शिट्टी ऐकलीस की गाडी कुठून येतेय तिकडे हात कर." मी हात केला. डोळे उघडले तर गाडी बरोबर उलट्या बाजूने उतरत होती.

तिथे वळणावर डोंगर कापून उभा केलेला कातळ आहे. शिट्टी त्यावर आपटून समोरून येते. गुरं आवाजापासून लांब पळतात, म्हणजे नेमकी गाडीच्या तोंडात. किती वर्षं माणसं तिथे राहतायत, येतायत जातायत, आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या भावाच्या आलं. मी तुला तेव्हा "शाब्बास" म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "मग आता काय रेल्वेला शिट्टी बंद करायला सांगणार आहेस?"

"शिट्टी बदलता येणार नाही," तू म्हणालास. "पाणी बदलता येईल."

गुरं रूळ ओलांडायची ती पलीकडच्या डबक्यासाठी. वाडीच्या वरच्या अंगाला एक झरा होता, उन्हाळ्यातही न आटणारा. पदूबाबांची मुलं, सुना, सगळी लागली. जुना लोखंडी पाईप कुठून तरी मिळवला, झऱ्यापासून वाडीपर्यंत आणला आणि रुळांच्या अलीकडेच सिमेंटचा हौद बांधला. बांधून झाल्यावर गुरं तिकडे फिरकेनात! जुन्या वाटेने रुळांकडेच जायला लागली. वाडी हसली. तू हसला नाहीस की चिडला नाहीस. कळपाच्या पुढे कोण चालतं ते तू आधीच वहीत लिहून ठेवलं होतंस, पदूबाबांची तांबडी गाय. पंधरा दिवस दुपारी तू फक्त तिच्यासोबत चाललास. दावं नाही, काठी नाही. ती थांबली की तू थांबायचास. सोळाव्या दिवशी ती आपण होऊन हौदावर गेली आणि बाकीची तिच्या मागे. त्या वळणावर त्यानंतर वाडीचं एकही जनावर कापलं गेलं नाही.

मग तुला इकडून तिकडून बोलावणी यायला लागली. लोधिवलीला पावसाळ्यात गुरं जुन्या हायवेवर बसायची आणि गाड्यांखाली यायची, तिथे तू दोन दिवस रस्त्याकडेला बसून सांगितलंस की ती हट्टी नाहीत, बाकी सगळीकडे चिखल आहे, डांबर कोरडं आहे, आणि गाड्यांच्या वाऱ्याने अंगावर माश्या बसत नाहीत. त्यांना मुरमाचा उंचवटा करून द्या आणि तिथे कडुलिंबाचा धूर करा, जातील. सरपंच आधी हसला. मग उंचवटा केला. गुरं गेली.

पण मला जनीबद्दल लिहायचंय.

वाडीत त्या बारा दिवसांत तू गाईच बघितल्या असं मला वाटत होतं. रूळ दाखवायला नेलंस त्याच रविवारी, परतताना, तू मला बुधीच्या घरासमोर थांबवलंस. बुधी पदूबाबांची धाकटी सून. अंगणातल्या मेढीला सहा-सात वर्षांची एक मुलगी कमरेला दोरी बांधून ठेवलेली होती. दोरी लांब होती, खाली गोधडी होती, जेवणाची ताटली होती. छळ नव्हता तो. मुलगी पुढे-मागे झुलत होती आणि तोंडाने एक बारीक सूर धरला होता.

मी शाळेतली बाई. मी लगेच सुरू झाले, "अहो, असं बांधून ठेवतात का लेकराला? गुन्हा आहे हा."

बुधीने पदर तोंडाला लावला. "काय करू, बाई? सोडली का रुलावर पलते. दोनदा गाडीफुडून ओढून काढलीय. मी कामाला गेले का हिला कोन बगंल?"

तू त्या मुलीपासून चार हात लांब, जमिनीवर, तिच्याकडे पाठ करून बसलास. बराच वेळ. मग बुधीला विचारलंस, "रुळांवर जाऊन ती काय करते?"

"काय करनार? निजते. कान लावते रुलाला."

तुझे डोळे बारीक झाले. "वाजतो ना तो," तू म्हणालास. "गाडी यायच्या खूप आधी वाजतो."

हौदाचा पाईप ज्या जागेवरून आणला ती जागा तू का धरून बसला होतास, हे तेव्हा वाडीत कुणाला कळलं नव्हतं. पाईप वळसा घेऊन बुधीच्या अंगणाच्या कडेने गेला. पाणी सुरू झाल्यावर तू जनीला हाक मारली नाहीस, हात धरला नाहीस. नुसता जाऊन पाईपला गाल लावून बसलास, लहानपणी बसायचास तसा, चाळिशीला आलेला माणूस. दोरी पुरत होती तिथवर. तिसऱ्या दिवशी जनी येऊन बसली.

दोरी लगेच सुटली नाही. आधी बुधी घरी असेल तेवढा वेळ, मग अर्धा दिवस, असे कित्येक महिने गेले. एकदा जनी पुन्हा रुळाकडे पळाली आणि बुधीने घाबरून तिला खूप मारलं. तू तेव्हा बुधीला जे सांगितलंस ते तिने दहाव्याला आली तेव्हा मला जसंच्या तसं सांगितलं: "मारू नका. तिला तुमच्याइतकंच दुखतं. पण ती तुमच्यासारखं सांगणार नाही. एकदा सांगेल, हळू सांगेल, तेवढ्यात ऐकायचं."

ते वाक्य ऐकल्यापासून मला झोप नाही, विनू.

जनीला तपासायला तूच तालुक्याला आणलंस, लहान मुलांच्या शिबिरात. मी सोबत होते. तिथल्या डॉक्टरीणबाई बुधीला सोप्या शब्दांत समजावत होत्या की याला स्वमग्नता म्हणतात. ती वेडी नाही. तिचा मेंदू आवाज, उजेड, स्पर्श वेगळ्या तऱ्हेने घेतो. ती नजरेला नजर देणार नाही, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करील, बदल झाला की घाबरेल. बुधी ऐकत होती. तू त्यांच्या बोलण्याच्या मध्येच म्हणालास, "हे माझं आहे."

मी म्हटलं, "नाही हो, तो थोडा अबोल आहे, एवढंच."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे. "त्यांना बोलू द्या," म्हणाल्या.

पुढे मुंबईला तीन खेपा झाल्या आणि तुझ्याही कागदावर तेच नाव आलं, स्वमग्नता. तू तो कागद घडी न घालता पाठीला पुठ्ठा लावून आणलास. चुरगळू नये म्हणून. मला वाटलं होतं तू खचशील. तू घरी येऊन दोन वेळा भात मागून घेतलास. मी मात्र त्या कागदाकडे बघू शकत नव्हते. इतकी वर्षं तू माझ्यासमोर होतास, मी शाळेत शेकडो मुलं शिकवली, आणि मला नाव माहीत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, मला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "कपाटात ठेव. लोकांना सांगत बसू नकोस."

तू ग्रामसभेत उठलास. गटारं आणि पथदिवे यांच्यामध्ये. हातात कागद. म्हणालास, "मी स्वमग्न आहे. तुम्ही मला येडा म्हणायचात, तो शब्द चुकीचा आहे. आपल्या गावात अशी आणखी तीन मुलं आहेत. त्यांना म्हणू नका." आणि बसलास. मी मागच्या रांगेत होते. सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

घरी आल्यावर आपलं भांडण झालं. आयुष्यातलं सगळ्यांत मोठं. मी म्हटलं, "काय गरज होती? मी इतकी वर्षं झाकून ठेवलं, तुला कुणी हसू नये म्हणून!"

"ते हसतच होते," तू म्हणालास.

"मी सांभाळून घेत होते ना?"

तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास. आवाज चढवायला तुला जमायचं नाही. प्रत्येक शब्द सुटा सुटा काढून म्हणालास, "ताई, तू माझ्याआधी बोलतेस. मी काय म्हणणार होतो ते मला कधी कळतच नाही."

मी ताट आपटून मागल्या दारी गेले. हे भांडण मिटलं नाही. आपण दुसऱ्या दिवसापासून दूध, किल्ली, पाऊस यांवर बोलायला लागलो, इतकंच.

तू मात्र थांबला नाहीस. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात तुझी बैठक भरायला लागली. नेरळकडून, खोपोलीकडून, चौक गावाकडून आई-बाप आपली मुलं घेऊन यायचे. तुझे नियम कडक. पंखा बंद. मोबाईल बंद. मुलाला 'काकांना नमस्कार कर' म्हणायचं नाही. कुणाच्या गालाला हात लावायचा नाही. एकदा एक बाप म्हणाला, "दादा, हा बरा कधी होईल?" तू म्हणालास, "तो आजारी नाही." बाप म्हणाला, "मग मी काय करू?" तू बराच विचार केलास. "घाई करू नका," म्हणालास. त्या माणसाने डोळे पुसले. हे मी खिडकीतून ऐकलं. सगळ्यांसाठी पोहे मी करून पाठवत असे, वर्गाची किल्ली माझ्याकडे असे, पण मी एकदाही येऊन त्या व्हरांड्यात बसले नाही. मला वाटे, सगळे विचारतील, तुम्ही कसं वाढवलंत त्याला? आणि मला खरं सांगावं लागेल.

आता ते लिहिते, जे मी दहाव्याला कुणाला सांगितलं नाही, तेराव्याला सांगितलं नाही.

श्रावणात तू कोंडिबांच्या म्हशीला बघायला भाताच्या खाचरात उतरलास. टाचेला आधीच चीर होती. चार दिवसांनी ताप आला. तू कामाला जायला निघालास, मी अडवून नाक्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ताप बघितला, घसा बघितला आणि विचारलं, "आणखी काय होतंय?"

तू खाली बघत होतास. जुळवत होतास. मग म्हणालास, "पोटऱ्या दुखतायत."

डॉक्टरांनी मान वर केली. आणि मी, विनू, तुझी ताई, नेहमीसारखी हसून म्हणाले, "रोज डोंगर चढतो ना डॉक्टर, वाडीवर. ऐकत नाही कुणाचं."

तेही हसले. तापाच्या गोळ्या दिल्या. बाहेर येताना मी तुला म्हटलंसुद्धा, "आठवडाभर डोंगर बंद." तू पुन्हा काही बोलला नाहीस.

तिसऱ्या दिवशी तुझे डोळे लाल झाले आणि लघवी अगदी थोडी, काळपट. शेजाऱ्यांच्या गाडीने पनवेलला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने तुला बघून मला पहिला प्रश्न विचारला, "यांच्या पोटऱ्या दुखत होत्या का?"

मी म्हटलं, "हो."

"कधीपासून?"

मला सांगता येईना. तो म्हणाला, लेप्टो वाटतोय. पावसाळ्यात गुरांमध्ये, चिखलात काम करणाऱ्यांना होतो, लवकर आलात तर औषधाने बरा होतो. त्याने मला दोष दिला नाही. त्याला काय माहीत!

त्या वॉर्डात डोक्यावर पांढऱ्या ट्यूबलाइटी होत्या आणि यंत्रं टीं-टीं करत होती. तुला तो उजेड सहन होत नव्हता. तू उशीत तोंड खुपसायचास, नर्स तुला सरळ करायची. मी तिला म्हणणार होते, आणि थांबले. म्हटलं, आता तरी मध्ये बोलू नको, तो सांगेल. केवढी वेडी मी! जिथे बोलायला हवं होतं तिथे गप्प बसले. शेवटी तुझा हात उशी चाचपडताना बघितला आणि उठून माझा पदर दुपदरी करून तुझ्या डोळ्यांवर धरला. नर्सने या वेळी तुला सरळ केलं नाही. दुपारभर मी तसा धरून उभी होते. तुझा श्वास थोडा संथ झाला. संध्याकाळी तुला आतल्या खोलीत नेलं. तिथे मला येऊ दिलं नाही.

त्यातलं किती माझ्या एका वाक्यामुळे झालं हे मला कुणी सांगू शकणार नाही. डॉक्टर मॅडम म्हणतात, बाई, तसं काही नसतं, पहिल्या दिवशी कळलं असतं तरी खात्री नव्हती. त्या माझ्यावर माया करतात म्हणून तसं म्हणतात. तू काय म्हणाला असतास? तू खोटं बोलला नसतास. आणि मला चुकवण्यासाठी गप्पही बसला नसतास. बहुतेक म्हणाला असतास, "माहीत नाही." मी आता त्यावर राहायला शिकतेय.

काल रविवार होता. मी वाडीवर गेले. तुझ्या पायांनी जे अंतर तासाभरात होतं त्याला मला दोन तास लागले. बुधीने बघितलं आणि धावत आली, गळ्यात पडून रडली. पदूबाबांना आता फारसं ऐकू येत नाही. नुसते माझा हात धरून बसले. जनी अंगणात होती. उंच झालीय. केस कुणी तरी नीट विंचरलेले. तिने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या मागच्या वाटेकडे बघत होती.

"रोज बगते," बुधी म्हणाली. "उनं वर आली का वाटंकडं तोंड करून बसते. दादाची वाट बगते."

"तिला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू, बाई? तिला काय कलतंय. म्हनलं एकदा, दादा गेला. तशीच बसली."

आणि मला बाबांचं आठवलं. तू नऊ वर्षांचा होतास. सगळे म्हणत होते, बाबा गेले. तू विचारलंस, कुठे? आत्या म्हणाली, देवाघरी. त्यानंतर दोन आठवडे तू रोज संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळेला पावर हाऊसच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचास. आई ओढून आणायची, तू पुन्हा जायचास, जेवायचा नाहीस. शेवटी फाटकावरचा वॉचमन तुला ओरडला, "आरं, मेला तुजा बा. मेला. आता नाय यायचा. घरी जा." मी त्याच्याशी जाऊन भांडले, लहान मुलाशी असं बोलतात का म्हणून. पण तू घरी आला होतास, हात धुतले होतेस आणि ताटावर बसला होतास. गेलेला माणूस येऊ शकतो, विनू. मेलेला येत नाही. एवढंच तुला हवं होतं, आणि ते आमच्यापैकी कुणी तुला दिलं नव्हतं.

मी जनीजवळ गेले. चार हातांवर, जमिनीवर, तिच्याकडे पाठ करून बसले. गुडघे वाकवायला जड गेलं. अठरा दिवसांत मी कितीदा सांगितलं असेल, फोनवर, दारात, शाळेत, बँकेत. गेला, वारला, सोडून गेला, आमच्यात नाही राहिला. एकदाही तो शब्द तोंडातून आला नव्हता.

मी म्हटलं, "जनी, विनूदादा मेला."

मागून तिच्या झुलण्याची सळसळ येत होती. थांबली.

"तो येणार नाही. या वाटेने येणार नाही. तो मेला."

बुधी मागे हुंदका देऊन म्हणाली, "बाई, नका हो."

खालून मालगाडी चढत होती, तिचा पुसट आवाज. मग माझ्या पाठीमागून, माझ्याच सुरात, अगदी माझ्यासारखं, जनी म्हणाली, "मेला."

"हो," मी म्हटलं. "मेला."

"मेला."

"हो."

आठ-दहा वेळा ती म्हणाली आणि आठ-दहा वेळा मी हो म्हटलं. मग ती उठली, वाटेकडे पाठ केली आणि घरात गेली. बुधीने चहा टाकला. मी प्यायले. ऊन कलायच्या आत उतरायला लागले.

घरी आले, दार लोटलं, पाय धुतले. मग स्वयंपाकघरात उभी राहून मी पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून बघितलं.

हो म्हणायला कुणी नव्हतं.